माळ्यावरचा धूर

"रोजच कसं दुखतं गं तिचं डोकं?"

"डोकं नाही दुखत बाप्पा तिचं. तिचं माहेर दुखते."

आधीचा आवाज नवऱ्याचा, तुषारचा, नंतरचा सासूबाईंचा. दोघं स्वयंपाकघरात, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे खाटेवर बसून रेवती वेणी घालत होती. तिचे हात तिथेच थांबले.

वाक्य चांगलं जमलं होतं. आपल्याबद्दल नसतं तर ती हसलीही असती.

"मग तिच्याशी बोलू का?"

"काही बोलू नको. गुमान राहते, तेवढं बरं हाय."

रेवतीने वेणी पुरी केली आणि गुमान बाहेर आली.

…

लग्नानंतरचा हा पहिलाच हिवाळा. यवतमाळकडे वाढलेल्या मुलीला चिखलदऱ्याच्या डोंगरावरची थंडी नवी होती. इथे पौषात दारं-खिडक्या लावून घ्यायच्या त्या ऊन चांगलं चढेपर्यंत उघडायच्या नाहीत, असा रिवाज.

रोज पहाटे तिला जाग यायची ती डोक्यात कुणी जातं मांडल्यासारखी. मळमळायचं. पाय गुडघ्यांपासून खाली आपले नव्हेतच. भिंत धरून अंगणात यावं, घटकाभर गारठ्यात उभं राहावं, की सगळं ओसरायचं. इतकं ओसरायचं की सांगायची सोय नाही. चहाच्या वेळी हसतीखेळती दिसणाऱ्या सुनेचं पहाटे डोकं दुखत होतं, यावर कोण विश्वास ठेवणार?

तिचा स्वतःचाही पुरता बसत नव्हता. असेल माहेरच, तिला वाटायचं. माहेर असं पायांत उतरत असेल.

…

या घराची एक गोष्ट होती, ती घराबाहेर जायची नव्हती.

गावावरच्या टेकडीवर सखाहरीबुवांचा मठ. मठाभोवती कॉफीची झाडं. तिथे आलेल्या प्रत्येकाच्या हातावर प्रसाद पडे तो गुळाच्या काळ्या कॉफीचा. ती कॉफी बुवा स्वतः भाजत, लोखंडी कढईत, उघड्या अंगणात. आता हात थरथरू लागले होते, म्हणून त्यांनी तुषारला हाताखाली घेतलं होतं.

घेतलं होतं, पण मठाच्या शिरस्त्याने. झाडाच्या एका फुलोऱ्यापासून दुसऱ्या फुलोऱ्यापर्यंत नव्या शिष्याने नुसतं बी निवडायचं. किडकं बाजूला, फुटकं बाजूला, कच्चं बाजूला. विस्तवाजवळ जायचं नाही. दुसरा फुलोरा आला की बुवा आपल्या हाताने विस्तव देतील.

तुषारकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. सूप घेऊन बसलं की त्याचा हात विस्तवासाठी शिवशिवायचा.

दिवाळी झाली आणि त्याने पार्सलने एक यंत्र मागवलं. आत फिरणारा स्टीलचा डबा, खाली गॅसची शेगडी, मागे पंखा, आणि पंख्याला वीतभर रुंद, चंदेरी, हवी तशी वाकणारी नळी. मागच्या खोलीत ते बसलं.

पण भाजणाऱ्या कॉफीचा वास काही झाकून राहत नाही. खिडकीतून नळी काढली असती तर वारा तो वास थेट टेकडीवर नेता. म्हणून तुषारने खिडकीवर प्लायवूड ठोकलं. नळी वर वळवली आणि माळ्याच्या झडपेतून आत सोडली. माळा फळ्यांचा, त्यावर पत्रे. पत्र्यांच्या फटींत त्याने गोणपाट कोंबलं. थंडी येते, असं त्याने सांगितलं. वास जाऊ नये म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मठात काकडआरतीची गडबड असताना, पहाटे, तो भाजायचा. त्याला स्वतःला उकडे, म्हणून अंगणाकडचं दार तो जरासं उघडं ठेवी.

माळा मात्र अख्खा एकच होता. मागच्या खोलीवरून निघून तो रेवतीच्या खाटेवर येऊन संपायचा, आणि तिथल्या फळ्यांत फटी होत्या.

…

ट्यूबलाइटच्या मागे एक पाल राहायची. रेवतीला तिची किळस. आल्या दिवसापासून दोघींचं एकमेकींवर लक्ष होतं.

एका सकाळी ती पाल उशीशेजारी पडलेली सापडली. पोट वर, पाय आखडलेले.

"पाल मेली," ती तुषारला म्हणाली.

"थंडीने मरतात."

दुसऱ्या पहाटे मागच्या खोलीत डबा घरघरू लागला, तशी ती खाटेवर उभी राहिली आणि माळ्याच्या फळीला तळहात लावला.

ताप आलेल्या लेकराचं कपाळ लागावं तशी फळी लागली.

थंडीने…

त्या दिवसापासून डबा घरघरला की ती उठून अंगणात जाऊ लागली. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "आमची सून अंधारात उभी राहते. यवतमाळ कुठल्या अंगाला हाय, ते पाहत असन."

आणि एके दिवशी तिला घरघर ऐकूच आली नाही. सासूबाई खांदा गदागदा हलवत होत्या तेव्हा डोळे उघडले. "उठते, आई," असं म्हणायचं होतं. जीभ हलली, शब्द झाला नाही. सासूबाईंचा चेहरा खूप लांब, विहिरीच्या काठावरून वाकून बघावं तसा.

"झोपाळू हाय बाप्पा," सासूबाई म्हणाल्या, आणि दार उघडं टाकून गेल्या. त्या उघड्या दाराने आज आपल्याला उठवलं, हे तिला दुपारी भाकरी थापताना कळलं. हातातली भाकरी तव्याच्या बाहेर पडली.

तुषारला तिने एकदा विचारून पाहिलं. "तो धूर… दुसरीकडे सोडता नाही येणार?"

"धूर कुठे आहे? थोडी गरम हवा असते," तो म्हणाला. "आणि दुसरीकडे म्हणजे बुवांच्या नाकात? फुलोऱ्यापर्यंत कळ काढ. तोंडाशी आलेला घास आहे माझा."

नवी नवरी नवऱ्याच्या तोंडचा घास काढत नाही. शिवाय दोन महिने सगळे म्हणतात ते माहेर, आणि एकटी आपण म्हणतो तो माळा… आपलंच चुकत असेल तर?

पण त्या पहाटेनंतर तिला झोपेचीच भीती वाटू लागली. दिवा मालवला की वरच्या फळ्या खाली सरकल्यासारख्या वाटत.

…

दुपारी ती तुषारच्या जेवणाचा डबा घेऊन मठात जायची. टेकडी चढताना डोकं हलकं होत जाई. एकदा ओट्यावर टेकली आणि डोळा लागला.

"झोप झाली?"

समोर बुवा. ती धडपडत उठली, पदर सावरला.

"चुकून लागला डोळा, बुवा."

"लागू दे. येताना कपाळ धरून आलीस. आता?"

"आता नाही दुखत."

"घरी?"

"घरी दुखतं."

"मग येताना डोकं घरी ठेवून आलीस का?"

तिला हसू आलं. "नाही."

"म्हणजे डोकं तेच."

"तेच."

"मग बदललं काय?"

…

शब्द अगदी ओठांवर आला. पलीकडे तुषार सुपात बी निवडत होता. सूप हलायचं थांबलं होतं.

"काही नाही बुवा. थंडी बाधते."

सूप पुन्हा हलू लागलं.

बुवांनी मान डोलावली. "गप्प बसायला शिकता शिकता मी म्हातारा झालो. तुला विशीतच जमलं."

रेवतीला बरं वाटलं. या डोंगरावर आल्यापासून पहिल्यांदाच कुणी तिला चांगलं म्हटलं होतं.

"पण एक सांग, सूनबाई. तू गप्प आहेस, का दडून बसलीस?"

बुवा उत्तरासाठी थांबले नाहीत. कॉफीचे पेले विसळायला निघून गेले.

उतरताना तुषार म्हणाला, "बरं केलंस, बोलली नाहीस."

ते ऐकून तिला उशीशेजारी गुमान मेलेली पाल आठवली.

…

संक्रांतीच्या आधी बुवा प्रत्येक शिष्याच्या घरी एक वेळ जेवत. निरोप नसे. काठी दारात वाजली, की ताट वाढायचं.

त्या दिवशी काठी वाजली ती सकाळीच. तुषार घरात होता. त्याने धावत जाऊन मागच्या खोलीतल्या यंत्रावर चादर टाकली. सासूबाईंनी पाट मांडला. रेवतीने पाय धुवायला पाणी दिलं.

बुवा पाटावर बसले नाहीत. तडक मागच्या खोलीत गेले. प्लायवूड पाहिलं. नळी पाहिली. नळी जिथे शिरत होती ती झडप पाहिली.

"भाज," ते म्हणाले.

"काय, बुवा?"

"चादरीखाली जे आहे, त्यात जे भाजतोस ते."

तुषारचा चेहरा कोंड्यासारखा झाला. "बुवा, मी…"

"रागावलो नाही. तुझ्या भुवईवर फोलपटं बसलेली असतात. मठातलं कच्चं बी निवडताना ती उडत नाहीत, भाजतानाच उडतात. चांगलं भाजतोस का?"

…

रागावले नाहीत म्हटल्यावर तुषारच्या अंगात बळ आलं. चादर काढली. डबा कसा फिरतो, आच कशी मोजायची, मोबाइलवर तापमानाची रेघ कशी चढते… बुवा ऐकत होते. रेवती दारात उभी होती, तिच्यामागे सासूबाई.

"आणि ही नळी?"

"गरम हवा आणि धूर जायला. गरम हवा वरच जाते ना, बुवा. म्हणून वर काढली."

"वर."

"म्हणजे बाहेर सोडली."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"या खोलीच्या बाहेर."

"बाहेर कुठून सुरू होतं, तुषार?"

तुषारने मान वर करून झडपेकडे पाहिलं.

"बरं. तू भाज. मी वर बसतो."

"वर? माळ्यावर?"

"तू भाजलेलं पहिल्यांदा अनुभवायचं, तर वास जिथे जातो तिथेच बसलं पाहिजे."

सासूबाई पुढे झाल्या. "बुवा, तिथं धूळ हाय. तुम्ही पाटावर बसा न. इथं आणून देतो आम्ही."

"असू दे धूळ."

शिडी झडपेला लावलेलीच होती. बुवांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग वळले, आणि आपली काठी रेवतीच्या हातात दिली.

"ही धर. तुझ्याकडे राहू दे."

काठीशिवाय बुवा मठाचा ओटाही उतरत नसत. ते वर चढले. हळूहळू, प्रत्येक पायरीला थांबत. शेवटी धोतराचा सोगा झडपेत नाहीसा झाला.

"पेटव," वरून आवाज आला.

गुरूने पेटव म्हटलं. तुषारने पेटवलं. दुसरं काय करणार होता? नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

…

डबा घरघरू लागला. पंखा नळीत फुंकू लागला, तशी नळी फुगली, जनावर जागं व्हावं तशी. बियांचा वास आधी गवतासारखा आला, मग भाकरीसारखा. मग नळीच्या वळणावर हात ठेवता येईना.

वर बुवा खोकले.

"बुवा?" तुषारने हाक मारली.

"हं. गरम हवा कुठे गेली?"

"वर, बुवा."

"वर कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणजे… आज तुम्ही आहात."

वर पुन्हा खोकला. बी तडतडू लागलं. झडपेच्या कडेने धुराची एक निळसर पट्टी खाली ओघळली आणि पुन्हा वर ओढली गेली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुषार, बंद कर रे."

"त्यांनी सांगितलंय, आई. मध्येच कसं बंद करू? बी वाया जाईल."

"म्हातारं माणूस हाय."

"आत्ताच तर बसलेत. रोज तासभर चालतं, काही होतं का कुणाला?"

हे तो बोलला आणि अंगणाकडच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या गार झुळुकीत त्याने मानेचा घाम पुसला.

रेवती त्या फटीकडे पाहत होती. मग झडपेकडे. मग फळ्यांकडे, ज्या इथून सुरू होऊन भिंतीपलीकडे, तिच्या खाटेवर जात होत्या.

वर आणखी एकदा खोकला आला. लहानसा, घशातल्या घशात.

मग काहीच नाही.

डबा फिरत होता. बी तडतडत होतं. माणसाचा म्हणून जो आवाज असतो, फळी करकरण्याचा, धोतर घासल्याचा, तो नव्हता.

"बुवा?" तुषार म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. पण हात गॅसच्या खटक्याकडे गेला नाही. तो गुरूच्या आज्ञेत उभा होता, आणि आज्ञा मोडायला गुरूच हवा होता.

वर कसं वाटत असेल, हे या घरात एकट्या रेवतीला ठाऊक होतं. आधी जातं. मग मळमळ. मग पाय आपले नव्हेत. मग चेहरे लांब, विहिरीच्या काठावर. आणि शेवटी बरं वाटतं… हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या पहाटे शेवटी शेवटी फार बरं वाटलं होतं. गुमान पडून राहावंसं वाटलं होतं.

तिच्या हातात काठी होती.

ती पुढे गेली. तुषारच्या हाताखालून हात घालून तिने खटका फिरवला. आच गेली. मग काठीचं टोक प्लायवूडच्या कडेला टेकवलं आणि सगळा भार टाकला. एक खिळा करकरला. दुसरा निघाला. प्लायवूड अंगणात पडलं, तसा डोंगरावरचा गारठा पुराच्या पाण्यासारखा आत आला.

"अगं, काय करतेस? वास मठापर्यंत…" तुषार बोलला आणि थांबला. मठ माळ्यावर बसला होता.

रेवतीने नळी यंत्रापासून ओढून काढली आणि खिडकीतून बाहेर टाकली. हात पोळला. शिडीवर दोन पायऱ्या चढून तिने काठीने वरची फळी ठोकली.

"बुवा."

…

"बुवा."

…

मग वर फळी करकरली. झडपेत एक पांढरी दाढी दिसली, डोळे लाल, पाणावलेले.

"कोण ठोकतंय?"

"मी. रेवती."

"मघाशी कुठे होतीस?"

तिने मान खाली घातली. मग वर केली.

बुवा खोकले, नीट श्वास घेतला. "ते दोघं खाली आहेत ना? मला सांगू नकोस. त्यांना सांग."

ती शिडीवरच वळली. खाली तुषार, काळवंडलेल्या बियांकडे पाहत. त्याच्या बाजूला सासूबाई, पदराचा बोळा तोंडाशी धरून. तिच्या हाताची आग आता कोपरापर्यंत आली होती. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. कापला नाही.

"अहो, शिडी धरा," ती म्हणाली. "आणि आई, माझं माहेर नाही दुखत. डोकंच दुखतं."